दोन गाड्या, एक भिंत आणि एक फूटपट्टी

वहीचे एक कोरे पान आडवे धरा आणि त्यावर एकाखाली एक अशा चार लांब रेघा ओढा. प्रत्येक रेघ म्हणजे एक रेल्वेमार्ग समजा. वरच्या दोन रेघा जवळजवळ असू द्या, खालच्या दोनही तशाच जवळजवळ. मात्र या दोन जोड्यांमध्ये चार बोटे जागा सोडा. आता वरच्या जोडीच्या वर एक आणि खाली एक असा लांबट चौकोन काढा. हे झाले फलाट. खालच्या जोडीलाही असेच दोन फलाट द्या. पानाच्या मधोमध पाहा, दोन फलाट एकमेकांना पाठ लावून उभे राहिलेले दिसतील. त्या दोन पाठींच्या मध्ये पेन्सिल दाबून एक जाड रेघ ओढा. ही भिंत.

तुम्ही काढलेली ही आकृती म्हणजे जपानची राजधानी टोकियो येथील कुदानशिता या भुयारी स्थानकाच्या एका मजल्याचा जुना नकाशा होय. जुना अशासाठी, की १६ मार्च २०१३ पासून ती जाड रेघ खोडून टाकावी लागते. चारही फलाटांना वरून खाली ३, ४, ५ आणि ६ असे क्रमांक द्या. (१ आणि २ क्रमांकांचे फलाट याच स्थानकात, पण तोझाई नावाच्या तिसऱ्या मार्गावर आहेत. हा मार्ग येथे १९६४ मध्ये आला. त्याच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही.)

कुदानशिता या नावाचा अर्थ ‘नऊ पायऱ्यांच्या चढाखाली’ असा काहीसा होतो. सम्राटांच्या राजवाड्याच्या खंदकाजवळ हा चढ आहे. पायऱ्यांचे नाव लाभलेल्या या स्थानकात पायऱ्यांनीच प्रवाशांना पुष्कळ वर्षे छळले, ही गंमत पाहा. ४ क्रमांकाच्या फलाटावर उतरलेल्या प्रवाशाला ५ क्रमांकाची गाडी पकडायची असेल, तर ती गाडी त्याच्या पाठीमागे, भिंतीपलीकडे, काही पावलांवर उभी असे. तिचा आवाजही कानी येत असेल. पण तिथे पोचायचे कसे? जिना चढून वर जायचे, तिकीट-फाटकातून बाहेर पडायचे, दुसऱ्या तिकीट-फाटकातून आत शिरायचे आणि पुन्हा जिना उतरायचा! हाती सामान असलेल्या म्हाताऱ्या माणसाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करा.

असे का होते? कारण भिंतीच्या अलीकडची रेल्वे एकाची आणि पलीकडची दुसऱ्याची.

टोकियोत भुयारी रेल्वे चालविणाऱ्या दोन संस्था आहेत. पहिली टोकियो मेट्रो. ती १९४१ मध्ये स्थापन झालेल्या एका सार्वजनिक प्राधिकरणाची वारस; २००४ मध्ये तिला कंपनीचे रूप देण्यात आले. तिचे नऊ मार्ग आहेत. दुसरी तोएई. ही टोकियो महानगर शासनाच्या वाहतूक खात्याची रेल्वे असून तिचा पहिला मार्ग १९६० मध्ये सुरू झाला. तिचे चार मार्ग आहेत. आपल्या आकृतीतील खालची जोडी तोएईच्या शिन्जुकु मार्गाची. तिच्या गाड्या कुदानशिताला १६ मार्च १९८० रोजी धावू लागल्या. वरची जोडी टोकियो मेट्रोच्या हान्झोमोन मार्गाची. तो मार्ग येथे जानेवारी १९८९ मध्ये पोचला. म्हणजे शेजारी येण्यापूर्वी तोएईच्या फलाटाने जवळजवळ नऊ वर्षे एकट्याने काढली.

आता तुम्ही म्हणाल, दोन संस्था असल्या म्हणून भिंत कशाला? एकाच एस. टी. स्थानकात वेगवेगळ्या राज्यांच्या गाड्या उभ्या राहतातच की! तुमची शंका योग्य आहे. पण एस. टी.त तिकीट गाडीच्या आत फाडतात. भुयारी रेल्वेत तिकिटाचा हिशेब फाटकावर होतो. फाटकाच्या आत आलेला माणूस ‘आपला’ प्रवासी, बाहेरचा तो बाहेरचा, असा तिथला सरळ हिशेब. दोन संस्थांचे फलाट मोकळे जोडले, तर कोणता प्रवासी कोणाचा हे सांगायचे कसे? तेव्हा ही भिंत म्हणजे सिमेंटमध्ये ओतलेला जमाखर्चच होता, असे म्हटले तर चूक होणार नाही.

या जमाखर्चाचा काच प्रवाशाच्या खिशालाही बसतो. तो कसा, हे समजण्यासाठी रिक्षाचे उदाहरण घेऊ. रिक्षाच्या मीटरवर पहिल्या काही अंतरासाठी एक किमान भाडे असते आणि त्यापुढे दर किलोमीटरला थोडी थोडी भर पडत जाते. घरापासून स्टेशनपर्यंत एकाच रिक्षाने गेलात, तर किमान भाडे एकदाच द्यावे लागते. अर्ध्या वाटेवर रिक्षा बदललीत, तर अंतर तेवढेच असूनही किमान भाडे दोनदा पडते. टोकियो मेट्रोतून तोएईत बदलणाऱ्या प्रवाशाचे नेमके हेच होते. दोन्ही संस्थांचे पहिले भाडे त्याला भरावे लागते. यावर तोडगा म्हणून एकूण भाड्यात सर्वसाधारणपणे ७० येनांची सूट दिली जाते. समजा, पहिल्या संस्थेचे भाडे १८० येन आणि दुसरीचे २२० येन झाले, तर १८० अधिक २२० उणे ७०, म्हणजे ३३० येन. सूट मिळाली खरी, पण एकाच संस्थेच्या गाडीने तेवढेच अंतर गेलेल्या माणसापेक्षा भुर्दंड राहतोच.

भिंत आणि भाडे, हे दोन अडसर झाले. तिसरा अडसर मात्र डोळ्यांना सहजासहजी दिसत नाही. तो पाहण्यासाठी फलाटाच्या कडेला उभे राहून खाली रुळांकडे पाहावे लागेल.

रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. आपल्या देशातील ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, मीटरगेज नावाप्रमाणे १००० मिलिमीटरचे. कुदानशिताच्या वरच्या जोडीचे, म्हणजे हान्झोमोन मार्गाचे गेज १०६७ मिलिमीटर आहे. खालच्या जोडीचे, शिन्जुकु मार्गाचे, १३७२ मिलिमीटर. वजाबाकी करा. उत्तर येते ३०५ मिलिमीटर. आता दप्तरातली फूटपट्टी काढा आणि तिच्यावरचे बारा इंच मोजा. तेही ३०५ मिलिमीटरच! हा योगायोग नव्हे. ही दोन्ही मापे मुळात इंग्रजी फुटांतली आहेत, एक साडेतीन फुटांचे आणि दुसरे साडेचार फुटांचे.

फूटभर फरकाने काय बिघडते, असे वाटेल. रेल्वेची दोन चाके एकाच आसावर घट्ट बसविलेली असतात, बैलगाडीसारखी सुटी फिरत नाहीत. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला ओठासारखी एक कड असते. ती रुळाच्या आत राहून गाडीला मार्गावर धरून ठेवते. साडेतीन फुटांची गाडी साडेचार फुटांच्या रुळांवर आणली, तर एक चाक रुळावर टेकेल आणि दुसरे हवेत राहील. पुढच्या क्षणी ते खाली आदळेल. मौज अशी, की विजेच्या बाबतीत मात्र या दोन्ही मार्गांत फरक नाही. दोन्हीकडे डोक्यावरील तारेतून १५०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह मिळतो. (मुंबईच्या लोकल गाड्याही अनेक दशके याच दाबावर धावत होत्या.) म्हणजे वीज जुळते, फलाट जुळतो, पण चाके जुळत नाहीत.

हा फूट आला कोठून? यासाठी आपल्याला घोड्यांकडे जावे लागेल.

जपानची पहिली रेल्वे १८७२ मध्ये टोकियोतील शिम्बाशी आणि योकोहामा यांच्या दरम्यान सुरू झाली, ती साडेतीन फुटी रुळांवर. देशाच्या बहुतेक रेल्वेमार्गांनी पुढे तेच माप उचलले. मात्र दहा वर्षांनी, १८८२ मध्ये, टोकियोच्या रस्त्यांवर घोड्यांनी ओढायची ट्राम आली. तिचे रूळ साडेचार फुटी होते. पुढे घोडे गेले, वीज आली, पण रस्त्यात पुरलेले रूळ कोण उपटणार? विजेची ट्रामही त्याच मापावर धावू लागली. १९१३ मध्ये शहराच्या पश्चिमेकडे केइओ नावाच्या खाजगी कंपनीने आपली रेल्वे सुरू केली. आपल्या गाड्या कधी तरी शहराच्या ट्रामच्या रुळांवरून आत नेता याव्यात, या आशेने तिनेही साडेचार फुटांचेच माप धरले.

त्यानंतर अर्धशतकाने तोएईने शिन्जुकु मार्ग आखला, तेव्हा तो केइओच्या रुळांना जोडायचे ठरले. उपनगरातून निघालेली गाडी शहराच्या सीमेवर थांबवून सगळ्यांना उतरवायचे आणि भुयारी गाडीत कोंबायचे, यापेक्षा तीच गाडी सरळ भुयारात शिरली तर किती सोयीचे! पण त्यासाठी रुळांचे माप एकच हवे. मग बदलायचे कोणी? केइओचा मार्ग तोवर लाखो प्रवाशांनी गजबजलेला होता. तो उकलून पुन्हा बांधायचा, तर रोजच्या वाहतुकीचे हाल झाले असते. नवा मार्ग तर अजून कागदावरच होता. तेव्हा नव्यानेच जुन्याचे माप घेतले. अशा रीतीने १८८२ मधील घोड्यांच्या ट्रामचे माप १९८० मध्ये कुदानशिताच्या भुयारात येऊन पोचले.

याच प्रश्नाचे उलटे उत्तरही टोकियोतच सापडते. तोएईचा पहिला मार्ग, आताचा असाकुसा मार्ग, केइसेई या खाजगी रेल्वेला जोडायचा होता. केइसेईचे गेजही १३७२ मिलिमीटरच होते. पण तिथे १४३५ मिलिमीटरचे प्रमाण गेज धरायचे ठरले आणि केइसेईने १९५९ च्या अखेरीस काही आठवड्यांत, टप्प्याटप्प्याने, आपला सगळा मार्ग नव्या मापाचा केला. प्रत्येक टप्प्याला आधीपासून तयारी करून ठेवायची, रात्री रूळ सरकवायचे आणि सकाळी नव्या मापाची गाडी सोडायची! मला विचाराल, तर त्या कामगारांची गोष्ट स्वतंत्र लेखाच्या योग्यतेची आहे.

या साऱ्याचा परिणाम असा, की एकट्या तोएईकडे तीन मापांचे रूळ आहेत. असाकुसा मार्गाचे १४३५, मिता मार्गाचे १०६७ आणि शिन्जुकु मार्गाचे १३७२ मिलिमीटर. प्रत्येक मार्गाने आपापल्या सोबत्याचे माप घेतले.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. कुर्डुवाडीला मुंबई-सोलापूरच्या मोठ्या गाडीतून उतरून बार्शी लाईटच्या ७६२ मिलिमीटरच्या छोट्या गाडीत सामान चढविण्याचा अनुभव त्यांच्यापैकी पुष्कळांना असेल. ती छोटी रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९५४ पर्यंत ती एका वेगळ्या कंपनीच्या मालकीची होती. म्हणजे एक स्थानक, दोन मालक आणि दोन मापे, हे त्रांगडे आपल्याही परिचयाचे आहे. मिरज जंक्शनवर तर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही मापे एकत्र नांदत होती. आता हे सारे मार्ग ब्रॉडगेज झाले आहेत. तिथे रुळांचे माप बदलता आले, कारण वरती आकाश मोकळे होते. भुयारात गाडीची रुंदी, बोगद्याची गोलाई, फलाटाची कड हे सगळे एकमेकांत गुंतलेले असते.

असो. आपण पुन्हा भिंतीकडे वळू.

२०१० च्या सुमारास टोकियोचे उपराज्यपाल इनोसे नाओकी यांनी या भिंतीचा प्रश्न हाती घेतला. ते मूळचे लेखक. त्यांनी या भिंतीला ‘मूर्खपणाची भिंत’ असे नाव दिले. हे शब्द जपानी लोकांच्या ओळखीचे होते, कारण योरो ताकेशी या शरीरशास्त्रज्ञाचे त्याच नावाचे पुस्तक २००३ मध्ये निघाले होते आणि ते अफाट खपले होते. माणसामाणसांत समज का होत नाही, हा त्याचा विषय. नाव चपखल होते, यात शंका नाही. तरी भिंत बांधणाऱ्या अभियंत्यांवर ते थोडे अन्यायकारकच वाटते. फाटकाच्या आतबाहेरचा हिशेब ज्या काळी कागदी तिकिटांवर चाले, त्या काळी दोन स्वतंत्र संस्थांना दुसरे काय सुचणार?

खरे म्हणजे भिंत पाडणे शक्य झाले, त्यामागे एका छोट्या पत्त्याचाही वाटा आहे. २००१ मध्ये सुइका आणि २००७ मध्ये पास्मो ही खिशात मावणारी कार्डे टोकियोत आली. कार्डात एक चकती असते आणि तिच्याभोवती तारेचे वेटोळे. फाटकातील यंत्र बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. कार्ड जवळ नेले, की त्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि तेवढ्या विजेवर चकती जागी होऊन यंत्राशी बोलते. फॅरडेचे विद्युतचुंबकीय प्रवर्तन तुम्ही नववी-दहावीत शिकता, तेच हे. कार्डात स्वतःची बॅटरी नसते. हे सारे संभाषण सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास संपते, म्हणून प्रवाशाला पाऊल थांबवावे लागत नाही.

पण एक गोष्ट कार्डालाही कळत नाही. तुम्ही कोठे आत शिरलात आणि कोठे बाहेर पडलात, एवढेच त्याला ठाऊक असते. मधल्या वाटेत कोणती गाडी पकडलीत, कोणत्या फलाटावर बदललीत, हे त्याला कोण सांगणार? मधली फाटके काढून टाकली, की ही माहिती कायमची हरवते. मग भाडे कोणत्या वाटेने धरायचे, याचा नियम आधीच ठरवून यंत्रात घालून ठेवावा लागतो आणि जमलेल्या पैशांची वाटणी दोन्ही संस्थांना आपसांत ठरवावी लागते. भिंत पाडायला हातोडा लागतो. तिच्या जागी असा नियम उभा करायला मात्र टेबलाभोवती बसावे लागते, आणि हे दुसरे काम बहुधा अधिक वेळ खाते.

अखेर १६ मार्च २०१३ रोजी ४ आणि ५ क्रमांकांचे फलाट एक झाले. मधली भिंत गेली, छत पेलणारे खांब राहिले. दोन संस्थांना वेगळे करणारी फाटकेही काढण्यात आली. तारीख लक्षात आली का? बरोबर तेहेतीस वर्षांपूर्वी याच तारखेला तोएईची गाडी येथे पहिल्यांदा थांबली होती. तोवर इनोसे हे स्वतः टोकियोचे राज्यपाल झाले होते.

आज त्या रुंद फलाटावर उभे राहिलात, तर एक गमतीचा खेळ खेळता येईल. दोन्ही बाजूंना येणारे डबे कोणाचे आहेत, ते ओळखायचे. एका बाजूला टोकियो मेट्रोचे डबे, पण त्यांच्याबरोबर तोक्यु आणि तोबु या खाजगी कंपन्यांचेही डबे येतात, कारण हान्झोमोन मार्ग दोन्ही टोकांना त्यांच्या रुळांना जोडलेला आहे. दुसऱ्या बाजूला तोएईचे डबे आणि केइओचे डबे. स्थानक दोघांचे आणि गाड्या पाच मालकांच्या!

दुसऱ्याच्या रुळांवर आपले डबे धावले, तर भाडे द्यायला नको का? हवेच. पण दर महिन्याला पैशांची देवघेव करण्याऐवजी येथे एक सुरेख युक्ती वापरतात. समजा, तोएईच्या दहा डब्यांच्या गाडीने केइओच्या मार्गावर २० किलोमीटर प्रवास केला. डबे गुणिले अंतर, म्हणजे २०० डबा-किलोमीटर झाले. आता केइओच्या दहा डब्यांच्या गाड्यांनी तोएईच्या मार्गावर एकूण २० किलोमीटर धावून द्यावे, की फिटंफाट. वेळापत्रक आखताना हे दोन्ही आकडे शक्यतो समान यावेत अशी काळजी घेतली जाते. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी आणि पुढच्या आठवड्यात वाटीभर परत करावी, तसेच हे.

याहून पुढची पायरी पाहायची असेल, तर शहराच्या दक्षिणेकडील मेगुरो ते शिरोकाने-ताकानावा हा सुमारे २.३ किलोमीटरचा भुयारी तुकडा पाहावा. तो सप्टेंबर २००० मध्ये सुरू झाला. तिथे टोकियो मेट्रोचा नाम्बोकु मार्ग आणि तोएईचा मिता मार्ग यांच्यासाठी रुळांची जोडी एकच आहे. दोन्हींचे गेज १०६७ मिलिमीटर असल्यामुळे हे साधले. एका गाडीमागून दुसऱ्या संस्थेची गाडी त्याच फलाटाला लागते. शिरोकाने-ताकानावाच्या पुढे वाटा फुटतात. तुम्ही तिथून पुढे मिता मार्गाने गेलात, तर सामाईक तुकड्यासह सारा प्रवास तोएईच्या दराने मोजतात. नाम्बोकु मार्गाने गेलात, तर टोकियो मेट्रोच्या.

मग दोन्ही संस्था एकच का करीत नाहीत, असे तुमच्या मनात आले असेल. २०१० मध्ये केंद्र शासन, टोकियो शासन आणि टोकियो मेट्रो यांच्यात याविषयी बोलणी सुरूही झाली होती. पण एकीकरण झाले नाही. तोएई शासकीय खाते राहिली, आणि टोकियो मेट्रोचे शेअर ऑक्टोबर २०२४ मध्ये टोकियोच्या शेअर बाजारात विक्रीला आले. कुदानशिताला भिंत नाही, तरी गाडी बदलणाऱ्याच्या कार्डातून दोन संस्थांचे भाडे आजही वजा होते, ७० येनांची सूट धरून.

आता तुमच्या आकृतीतील जाड रेघ खोडरबराने पुसा आणि ३ व ६ क्रमांकांच्या फलाटांकडे पाहा. ४ आणि ५ वरच्या प्रवाशांना आता केवळ काही पावले चालावी लागतात. ३ वरून ६ वर जाणाऱ्याच्या आड मात्र चार रेल्वेमार्ग आहेत. त्याला फाटक ओलांडावे लागत नाही, पण जिना अजूनही चढावा आणि उतरावा लागतो.